घरातली हवा पुण्याला दिसते

माणसानं निवृत्त झाल्यावर काय वाटेल ते सुधारावं, पण हवा सुधारायला जाऊ नये. नळाला पाणी येत नसेल तर नळ दाखवता येतो. रस्त्याला खड्डा असेल तर त्यात उभं राहून फोटो काढता येतो. हवेचं तसं नाही. ती दिसत नाही, धरून ठेवता येत नाही, आणि तिच्यावरून भांडायला गेलं तर समोरचा माणूस आपल्याकडे असं बघतो की आपल्यालाच दवाखान्यात न्यायला हवं. मी पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढला. माझ्या टेबलापुढे भलेभले हात बांधून उभे राहिले. त्या मला, गोकुळदासला, गेल्या हिवाळ्यात साबणाच्या वडीएवढ्या एका डबीनं असं काही नाचवलं की आता कुणी नुसतं "काय मस्त हवा सुटलीय" म्हटलं तरी मी उठून आत जातो.

डबी जावयानं पाठवली. जावई अक्षय मूळचा कुडाळचा, आता पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मुलगा गुणी आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. आमची गौरवी, तो आणि त्यांचा साईश. साईश अजून रांगतही नव्हता. पावसाळ्यात त्याला छातीचा त्रास झाला, श्वास घेताना आतून शिट्टी वाजायला लागली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा माझी बायको विमला पुण्याला जाऊन राहिली, आणि परत आल्यापासून तिचा एकच धोशा सुरू झाला: जत्रेला नातू घरी यायला हवा. आमच्याकडे मूल पहिल्यांदा आजोळी आलं की त्याला ग्रामदेवीच्या पायांवर घालतात. ते जत्रेच्या दिवशी घातलं तर देवी त्याला जन्मभर नावानिशी ओळखते, असं विमलाच्या माहेरचे लोक मानतात. मी मानत नाही. पण नातू मलाही हवा होता. झाल्यापासून त्यानं या घराचा उंबरठा पाहिला नव्हता. विमलानं माळ्यावरचा पाळणा काढून, घासूनपुसून पुढच्या खोलीत टांगला होता, आणि जाता-येता ती त्या रिकाम्या पाळण्याला एक झोका द्यायची. मला ते बघवत नसे.

अक्षयचं म्हणणं असं की डॉक्टरांनी धूर आणि धूळ टाळायला सांगितलंय, तर आजोळची हवा आधी मोजून घेऊ. धूर-धुळीचा आकडा पन्नासच्या खाली टिकला तर जत्रेला येऊ, नाही टिकला तर पुढच्या वर्षी बघू. आता हवा कुठली मोजतोय हा? आमचं गाव हळर्णच्या पलीकडे, मागे नारळ-सुपारीचं कुळागर, पुढे शेतं. शहरातले लोक आमच्याकडे हवा खायला येतात. मी छातीठोकपणे म्हटलं, "पाठव तुझी डबी."

डबी जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर काचेला टेकवून ठेवली. अक्षयनं व्हिडिओ कॉलवरून मला ती वायफायला जोडायला लावली, त्यात अख्खी सकाळ गेली आणि आम्हा दोघांमधला आदरही थोडा कमी झाला. डबीवर मोठा आकडा आणि खाली एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की तांबडा. "आणि पप्पा, हा आकडा आम्हाला इथे मोबाईलवर दिसत राहील," तो म्हणाला. मला ती सोय वाटली. रोज फोन करून कळवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर उदबत्ती लावून मी अथर्वशीर्षाच्या मध्यावर आलो असेन, तर फोन.

"पप्पा, घरात काही जळतंय का?"

"नाही. का?"

"आकडा एकशे ऐंशी झालाय."

"उदबत्ती लावलीय."

"किती लावल्या?"

देवाला किती उदबत्त्या लावल्या याचा खुलासा जावयाला देण्याची पाळी माझ्या वडिलांवर आली नव्हती. मी म्हटलं, "दोन." तो म्हणाला, "एक बाहेर तुळशीकडे लावता येईल का?" मी देवाकडे बघितलं. देवानं काही मत दिलं नाही. मी एक उदबत्ती बाहेर नेली.

न्याहारीला विमलानं भाजीला मोहरीची फोडणी दिली, पुन्हा फोन. दुपारी तिनं बांगडे तळायला घेतले. सोमवार-गुरुवार सोडले तर आमच्याकडे दुपारी तव्यावर मासळी नाही असं होत नाही. पहिला बांगडा तेलात पडला आणि डबीवरचा दिवा पिवळा, तांबडा करत करत जांभळा झाला. जांभळा रंगही असतो हे अक्षयलाही ठाऊक नव्हतं. त्याचा फोन आला. तो हळूच म्हणाला, "बांगडे का?"

"हो."

"रव्यात?"

"रव्यात."

पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला. कुडाळचा माणूस पुण्याच्या ऑफिसात कँटीनचा डबा समोर ठेवून बसला होता, हे मला त्या उसाशावरून कळलं. मग त्याला आपण जावई असल्याची आठवण झाली. "पप्पा, हे असं चालणार नाही," तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घराला पुण्याहून पहारा बसला. विमलानं पापड भाजला की फोन. मी गादी झटकली की फोन. एकदा मी नुसता कपाटावरून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा खाली काढला, तर लगेच, "पप्पा, काही हलवलंत का?" एवढं लक्ष साहेबानंही माझ्यावर कधी ठेवलं नव्हतं, आणि साहेबाला तर त्यासाठी पगार होता.

ही बातमी पद्मावती वयनीपर्यंत जायला वेळ लागला नाही. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक फणस आणि एक कुंपण आहे, पैकी फणस खरा. वयनी आल्या, डबीकडे दुरून बघितलं आणि म्हणाल्या, "घराक कोणाची तरी दिश्ट लागल्या, गोकुळदासबाब. हवा अशी आपसूक खराब जायना." मी हसून सोडून दिलं आणि बाजारहाटाला पेडण्याला गेलो. तिथेच चूक झाली. वयनींनी मागाहून नारळाच्या करवंट्यांचे निखारे केले, त्यावर गुग्गुळ, कडुलिंबाचा पाला, ओवा आणि दिश्टीच्या सुक्या मिरच्या टाकल्या आणि ते धुपाटणं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. पाळण्याखाली तर खास थांबल्या. मी परत आलो तेव्हा मला घरात विमला दिसत नव्हती, नुसता खोकला ऐकू येत होता. त्यावरून अंदाजानं मी स्वयंपाकघर गाठलं. अक्षयचा फोन वाजतच होता. "पप्पा," तो म्हणाला, "आता आकडाच येत नाहीये. नुसत्या रेघा येतायत."

वयनी मात्र समाधानी होत्या. आता घर कसं स्वच्छ वाटतंय, असं त्या डोळे पुसत म्हणाल्या.

त्यानंतर रघुनाथ आला. रघुनाथ आमच्या वॉर्डाचा पंच. त्याला कुठल्याही विषयावर मत नसेल असा प्रसंग मी तरी पाहिला नाही. तो म्हणाला की घरात झाडं ठेवायची, झाडं हवा खातात आणि चांगली हवा सोडतात, शाळेत शिकवलंय. मी कुंड्या आणल्या. हॉलमध्ये, झोपायच्या खोलीत, फ्रिजवर, जिथे जागा होती तिथे झाडं आणि जिथे झाडं तिथे खाली पाण्याच्या बशा. आकडा जागचा हलला नाही. पण आरोग्य केंद्राची बाई वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, डास तपासायला आली. तिनं विजेरी घेऊन माझ्या बशा एकेक करून तपासल्या आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या मला मोठ्या प्रेमानं दाखवल्या. मग माझ्या नावानं नोटीस काढली. हवा सुधारायच्या नादात मी गावात डेंगी वाढवतो अशी सरकारदरबारी नोंद झाली. जन्मभर मी लोकांना नोटिसा पाठवल्या. आता माझ्या हातात एक आली, आणि तिच्यात माझं आडनावसुद्धा चुकीचं लिहिलेलं होतं. त्याचंच मला जास्त लागलं.

कुंड्या अंगणात गेल्या आणि मी शास्त्रीय मार्ग धरायचं ठरवलं. डिचोलीला जाऊन स्वयंपाकघरासाठी चांगला एक्झॉस्ट फॅन आणला. बसवायला सगुणला बोलावलं. सगुण गावचा इलेक्ट्रिशियनही आहे आणि प्लंबरही, आणि हिवाळ्यात दशावतारी नाटकात देवीचं सोंग काढतो. त्यामुळे जत्रांच्या दिवसांत तो कामाला येतो तो डोळ्यांत कालचं काजळ आणि अंगात कालची झोप घेऊन. त्यानं भिंतीला भोक पाडलं, फॅन बसवला, बटण दाबलं आणि भिंतीला टेकून तिथेच एक डुलकी घेतली. फॅन झकास फिरत होता. स्वयंपाकघरात गार वारा येत होता. मला तो फॅनचा गुणच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मावती वयनींनी पातेरो जाळला. पातेरो म्हणजे अंगणात पडलेला सुका पाला. आमच्याकडे बायका उठल्या की अंगण झाडतात, पाला गोळा करतात आणि काडी लावतात. त्यात गैर काही नाही, मीही लहानपणी त्या शेकोटीला बसलोय. फक्त वयनींची पातेरो जाळायची जागा नेमकी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागे, आणि सगुणनं फॅन उलटा बसवला होता. तो बाहेरची हवा आत ओढत होता. वयनींचा सगळा पातेरो धूर होऊन आमच्या ओट्यावर उतरला. विमला पातेल्यासकट बाहेर पळाली.

मी सगुणला घरून उठवून आणलं. त्यानं फॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वारो येता न्हय?" तो म्हणाला. "तुमकां हवाच जाय आसली."

त्यानं फॅन काढला, उलटा केला आणि बसवताना पात्याची एक कड मोडली. तेव्हापासून तो चालू केला की घरात पिठाची गिरण चालते, म्हणून आम्ही तो चालू करत नाही.

मी वयनींना सांगायला गेलो. शांतपणे सांगितलं, नातवाचं कारण सांगितलं, छातीची शिट्टी सांगितली. वयनींनी सगळं ऐकून घेतलं. "माज्या सासूनं हंयच पातेरो जाळलो," त्या म्हणाल्या, "तुमच्या गौरवीक त्याच धुरात मी मांडयेर घेवन बसतालंय. तिका कितें जालें?" खरं आहे, गौरवीला काही झालं नाही. पण मी तसं कबूल केलं नाही. माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला आणि मी पंचायतीत गेलो.

पंचायतीच्या सचिवानं माझा अर्ज पुन्हापुन्हा वाचला. मला वाटलं, मनापासून वाचतोय. तो म्हणाला, "गोकुळदासबाब, पंचायतीची हद्द तुमच्या दारापर्यंत. दाराच्या आतली हवा तुमची खासगी."

"ती बाहेरूनच आत येते."

"आत आली की खासगी."

"आणि बाहेर असताना?"

"बाहेर असताना ती एकाच जागी कुठे राहते? आता इथे आहे, मग शेजारच्या गावात. त्यांच्याकडूनही ना-हरकत लागेल." असं म्हणून त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी लगेच ओळखली. ती नजर मीच किती वर्षं वापरली होती. मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि घरी आलो.

अर्जाची बातमी माझ्याआधी वाड्यावर पोचली होती. वयनींनी आमच्याशी बोलणं टाकलं. पातेरो टाकला नाही. आता त्या ओला पालाही घालू लागल्या. रघुनाथ मध्यस्थीला आला आणि दोन्ही घरी चहा पिऊन गेला, एवढंच त्या मध्यस्थीचं फळ.

मग आम्ही स्वतःवरच घाव घातला. तळण बंद झालं, फोडणी बंद झाली. उकड्या तांदळाची पेज, उकडलेली भाजी, वर कच्चं खोबरं. उदबत्ती दोन्ही बाहेर. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंगा वाजवत येतो, त्याचे उंडे पाव आम्ही भाजायचेही सोडले. मी पेज पितोय हे बघून शेजारपाजाऱ्यांनी मला काय झालंय याची चौकशी सुरू केली. घरात वासच राहिला नाही कसला. दुपारी जेवायला बसलो तरी जेवणाची वेळ झालीय असं वाटेना. एवढं करून आकडा साठ-सत्तरच्या खाली उतरायला तयार नाही. दार उघडलं की वर जाई, केर काढला की वर जाई. मला तर वाटायला लागलं, मी श्वास सोडला तरी वर जाईल.

जत्रा जवळ आली. अक्षयचा फोन आला. आवाज पडलेला होता. "पप्पा, तुम्ही खूप केलंत. पण या वेळी राहू दे. पुढच्या वर्षी बघू." मी "बरं" म्हटलं. विमला समोरच उभी होती. ती आत गेली, एक चादर आणली आणि पाळण्यावर पसरली, जशी आपण घर बंद करून जाताना सोफ्यावर पसरतो. मला त्या वेळी जो काही राग आला तो कुणावर काढावा कळेना. जावयावर काढावा तर तो पोराच्या काळजीनं बोलत होता. वयनींवर काढावा तर त्या बोलतच नव्हत्या. मी अंगणात जाऊन एका कुंडीला लाथ घातली, आणि माझाच अंगठा सुजला.

संध्याकाळी विमला डबीसमोर उभी राहून म्हणाली, "घर ह्या डबयेक दिवया. आमी मांगरात रावया."

आमच्या कुळागराच्या टोकाला मांगर आहे. जुनी खोपी, चिऱ्यांची, तीन बाजू भिंत आणि चौथी उघडी. तिथे आम्ही नारळ-सुपाऱ्या साठवतो. विमलाचा बेत सरळ होता. घराची सगळी जनेलं-दारं घट्ट लावायची, फटींत जुन्या साड्या कोंबायच्या, आणि आत कुणी पाऊल टाकायचं नाही. माणसंच नसली तर हवा बिघडवणार कोण? आकडा खाली आला की तो पुण्याला दिसेल, आणि पोरं येतील. आल्यावरचं आल्यावर. सगळ्या सुधारणेत ही एकच योजना मला पहिल्या फटक्यात पटली.

आम्ही चटया, भांडी, तांदूळ, मसाले, देवाची तसबीर आणि तवा घेऊन मांगरात राहायला गेलो. मागचं दार ओढून घेतलं, त्याचं लॅच आपोआप लागतं, पुढच्या दाराला आतून अडसर. फोन आत राहिले हे सगळं झाल्यावर लक्षात आलं. मी परत फिरणार होतो, तर विमला म्हणाली, दार उघडलं की आकडा उडणार, आणि फोन हवाय कशाला, त्यांना तिथे दिसतंयच की सगळं. मलाही ते बरोबर वाटलं. मांगरात रेंज नव्हतीच.

आणि काय सांगू, आकडा उतरला. मी येऊन जनेलाच्या काचेतून बघायचो. चाळीस, मग तीस, मग वीसच्या आसपास, आणि खाली हिरवागार दिवा. असा आकडा मी सुट्टीच्या दिवशीच्या कचेरीतसुद्धा पाहिला नसेल. मी जाऊन विमलाला सांगायचो आणि ती हसायची. मांगरात आम्ही राजासारखे राहिलो. विमलानं तीन दगडांची चूल मांडली. बांगडे तळले, सुंगटं म्हणजे कोळंबी तळली, खारे बांगडे भाजले. मी उदबत्त्या लावल्या त्या मोजल्यासुद्धा नाहीत. एवढं पोटभर मी कितीतरी दिवसांनी जेवलो. मांगराची एक बाजू उघडी असल्यामुळे धूर आपला आपण कुळागरात निघून जात होता. त्याला कुणाच्या ना-हरकतीची गरज पडली नाही.

असे मजेत असताना एका सकाळी मी तव्यावर बांगडा उलटतोय, तर घराच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला आणि मागोमाग धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज. चोर म्हणावं तर सकाळची वेळ. मी तवा हातात घेऊनच निघालो. कमरेला पंचा, अंगात बनियन, मागे विमला.

अंगणात अख्खा वाडा जमला होता. पुढचं दार चौकटीतून निखळून आडवं पडलं होतं आणि सगुण पहार घेऊन त्यावर उभा होता. फणसाखाली वाड्यावरचा विठू एक ताजा तोडलेला लांब बांबू धरून उभा होता. मला पाहून त्यानं तो पाठीमागे लपवला आणि पुढे मला सांगितलं की तो कुंपणासाठी आणला होता. रघुनाथनं बोलावलेली ॲम्ब्युलन्स रस्त्यावर लागत होती. आणि माझ्या पायरीवर बसून पद्मावती वयनी माझ्यासाठी रडत होत्या.

"असो मनीस परत मेळचो ना गे," त्या म्हणत होत्या. "कोणाक कधी उलट शब्द बोललो ना. माज्याच पातेऱ्यान गेलो गे तो. माज्याच धुरान."

मी मागे उभा राहून ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, थोडा वेळ मी मुद्दामच गप्प राहिलो. इतकी वर्षं शेजारी राहून या बाईनं माझ्याबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. पण त्या खरंच रडत होत्या, पदर भिजला होता, तेव्हा मलाच कसंसं झालं. मी म्हटलं, "वयनी, दार कुणी फोडलं?"

वयनींनी माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे, मग तव्यातल्या बांगड्याकडे. त्यांचं रडणं थांबलं आणि त्या जागी संताप आला. "जिते आसात तर फोन कित्याक घेनात?" त्या म्हणाल्या. "ती पोरगी थंय मरता!"

कुणीतरी रघुनाथला पुढे ढकललं. त्याच्या हातात त्याचा फोन होता, आणि तो चालू होता. दार फोडल्यापासून, वयनींच्या रडण्यापासून, सगळं पलीकडे ऐकू जात होतं. मी फोन कानाला लावला.

"गौरवी?"

ती म्हणाली, "पप्पा, आकडा हलला नाही."

"अगं, चांगला हिरवा होता की. तुम्हाला हवा तसाच."

"सकाळी हलला नाही," ती म्हणाली. "दुपारी हलला नाही. मी मोबाईल घेऊन बसून राहिले. रोज सकाळी तो वर जायचा, मला कळायचं पप्पा देवाकडे बसलेत. दुपारी वर जायचा, मला कळायचं आईनं तवा ठेवलाय. अक्षय चिडायचा आणि मला मात्र त्यामुळे कामाला बसता यायचं. मग पेज सुरू केलीत तेव्हा नुसतं थोडंसं हलायचं. आणि परवापासून एकदम सगळं सरळ झालं. फोन कुणी उचलत नाही. पप्पा, मला वाटलं, घरात आता कोणीच नाहीये."

मी दारावर, म्हणजे आडव्या दारावर, बसलो. एवढे दिवस मी समजत होतो की पुण्याहून आमच्यावर पाळत ठेवलीय. पोर आपली तिथून आमच्या घरात बसली होती, आणि आम्ही तिला उठवून घराला कुलूप घातलं होतं. मला रडू आलं. सगळ्या वाड्यादेखत आलं. ॲम्ब्युलन्सचा माणूस म्हणाला की आता गाडी आलीच आहे तर बीपी तपासून घ्या, आणि त्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधला.

फोनवर मागून अक्षयचा आवाज आला. "पप्पा, डॉक्टरांशी मी आत्ता बोललो. ते म्हणाले, बाळाला चुलीजवळ नेऊ नका, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. आजोळी नेऊ नका असं मी कुठे म्हटलं, म्हणाले. चूक माझी झाली." त्यावर पद्मावती वयनी मध्येच ओरडून म्हणाल्या की पोर असेपर्यंत पातेरो त्या खाली शेताच्या बांधावर नेऊन जाळतील. फोन स्पीकरवर आहे हे मला तेव्हा कळलं.

"आई कुठेय?" गौरवीनं विचारलं.

"हंय आसा," विमला म्हणाली.

"आई, आत जा. गॅस पेटव. काहीतरी तळ."

"आता? काय तळू?"

"काहीही. पापड तळ. मला बघू दे."

विमला आडव्या दारावरून आत गेली. तिच्यामागे फोन घेऊन मी, दंडाला पट्टा तसाच, आणि आमच्यामागे जेवढी माणसं मावली तेवढी. तिनं कढई ठेवली, तेल ओतलं. पहिला पापड तेलात पडला. पुढच्या खोलीतल्या डबीचा हिरवा दिवा पिवळा झालेला दिसला.

"ऐंशी," गौरवी पलीकडून म्हणाली. "एकशे वीस. एकशे ऐंशी." मग नाक ओढल्याचा आवाज. "आई, शुक्रवारी आम्ही निघतो. दोनशे झाले. बस आता, गॅस बंद कर."

विमला आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"राव गो," ती म्हणाली, "आंकडो आनी थोडो वर वचूं दी." आणि तिनं दुसरा पापड तेलात सोडला.